भुलभुलैयातली पैज

शाळांच्या सहलींचे दिवस आले की इमामबाड्याच्या फाटकाशी बसणारे गाईड एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागत. परदेशी पाहुणा निवांत ऐकून घेतो. नवं लग्न झालेलं जोडपं ऐकत नाही, पण निदान ओरडत तरी नाही. शाळेची पोरं म्हणजे मात्र घसा बसणार, पायांचे तुकडे पडणार आणि शेवटी कुणाचा तरी मफलर शोधायला पुन्हा आत जावं लागणार. म्हणून पोरांनी भरलेली बस थांबली की जो तो चहाच्या पेल्यात तोंड घाली.

तसद्दुक हुसेन तेवढे उठत. काळ्या शेरवानीची वरची बटणं लावत, गुडघ्यांवर हात टेकत, पण उठत. त्यांच्या आजोबांनी लखनौच्या इमामबाड्यातल्या या भुलभुलैयात लोकांना फिरवलं होतं, वडिलांनी फिरवलं होतं, आणि आता साठी उलटली तरी तेही फिरवत होते. पोरांना फिरवायला त्यांना मनापासून आवडे. मोठी माणसं ऐकताना घड्याळ बघतात, पोरं तोंडाकडे बघतात, असं ते म्हणत.

त्या दुपारी संडीलाच्या बाजूच्या एका खेड्यातली शाळा आली. बसमधून आधी पुऱ्यांचा आणि लोणच्याचा वास उतरला, मग पोरं उतरली.

"घ्या मियाँ, आली आपली टोळधाड," फैयाज म्हणाला. तो गाईडांमधला सगळ्यांत तरुण. त्याच्याकडे हिरव्या उजेडाची बॅटरी होती आणि गळ्यात अडकवायचा भोंगा होता. "पण गुडघ्यांना विचारलंत का, चढणार म्हणून?"

"माझे गुडघे आपल्या अब्बाजानांच्या वयाचे आहेत, फैयाज. त्यांची चौकशी जरा अदबीनं करावी."

पोरांबरोबर त्यांच्या शिक्षिका शशिप्रभा बहेनजी होत्या. साडीवर जाड स्वेटर, गळ्यात शिटी, आणि आवाज असा की शिटीची गरज पडू नये. त्यांनी पोरांच्या जोड्या लावल्या. "हातात हात! हात सोडला तर बसमध्ये बसवून ठेवीन!" मग पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढून प्रत्येकाला ओंजळभर दिल्या. एक बारकी मुलगी, आपल्याहून मोठ्या कुणाचा तरी लाल स्वेटर घातलेली, एकही शेंग न खाता सगळ्या खिशात कोंबत होती. खिसे फुगून आले तशी ती बेडकासारखी दिसू लागली. तसद्दुकमियाँना हसू आलं.

"बिटिया, आपण खात नाही?"

मुलीनं मागे वळून पाहिलं. आपल्या मागे कोण मोठं माणूस उभं आहे, ज्याला हे 'आपण' म्हणताहेत, ते ती बघत होती. मागे कुणीच नव्हतं. मग तिनं मान हलवून सांगितलं, "नंतर."

"अहो मियाँ, यांना आपण-बिपण म्हणू नका," बहेनजी म्हणाल्या. "डोक्यावर चढून बसतील."

"बहेनजी, लखनौत मांजरालासुद्धा आपण म्हणायची रीत आहे. दूध पिऊन जाते तो भाग वेगळा."

पोरं हसली, आणि फेरी सुरू झाली.

तसद्दुकमियाँची फेरी म्हणजे एक बांधलेला डाव असे. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, कुठे दम लागला असं दाखवून खरोखरचा दम खायचा, सगळं ठरलेलं. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून ते म्हणाले, "इथून पुढे हजार चोवीस वाटा आहेत. आत न्यायला सगळ्याच तयार. बाहेर आणणारी एकच." पोरांच्या जोड्यांमधले हात घट्ट झाले. अंधाऱ्या, खांदे घासतील एवढ्या अरुंद बोळात थांबून त्यांनी एका काळ्या भोकाकडे बोट केलं. "ही वाट थेट फैजाबादला निघते. गोरे शिपाई खजिन्याच्या मागे आत शिरले, ते आजतागायत बाहेर आले नाहीत." दुसऱ्या वळणावर ते म्हणाले, "आणि ही खाली पायऱ्यांच्या विहिरीत उतरते. पाण्याच्या आतून." बहेनजींनीही पदर आवळून घेतला.

मग ते सगळ्यांना मोठ्या दालनाच्या वरच्या सज्जात घेऊन गेले. बहेनजींना आणि पोरांना त्यांनी एका टोकाला उभं केलं, आणि स्वतः चालत चालत पार दुसऱ्या टोकाला गेले. तिथून ते मुठीएवढे दिसत होते. त्यांना बिडी-सिगरेटचं व्यसन नव्हतं, तरी खिशात काडेपेटी असायचीच. त्यांनी एक काडी ओढली.

फर्र.

पोरं दचकली. काडी जणू त्यांच्या कानाशीच पेटली होती. मग मियाँनी वर्तमानपत्राचा एक तुकडा सावकाश फाडला, आणि त्याचा चर्र आवाजही तसाच भिंतीवरून चालत आला.

"भिंतींना कान असतात असं लोक म्हणतात," ते दुसऱ्या टोकावरून हळू आवाजात बोलले, आणि प्रत्येक शब्द स्पष्ट आला. "या भिंतींना तोंडही आहे. म्हणून इथे कुणी कुणाची चुगली करायची नाही."

डावाचा शेवटचा भाग चौफाट्यावर असे. तिथे चार काळे बोळ एकत्र येत. मियाँ बोळांकडे पाठ करून उभे राहत आणि वडिलांकडून, आजोबांकडून आलेलं वाक्य म्हणत.

"आता माझी आपणा सर्वांशी पैज. मी इथेच थांबतो. आपण गच्चीवर जायचं, वाट आपली आपण शोधायची. जो पोचला तो शाबास. ज्याला पोचायचं नसेल त्यानं कुठेही लपावं, पण आवाज करायचा नाही, हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मी त्याला शोधीन. नाही सापडला, तर हा तसद्दुक हुसेन सगळ्यांसमोर म्हणेल, मी हरलो. माझ्या वडिलांवर ही वेळ आली नाही, माझ्यावर आली नाही."

"सगळ्यांसमोर म्हणाल?" मागून एक बारीक आवाज आला.

"सगळ्यांसमोर, बिटिया. मिनारावरच्या कबुतरांना ऐकू जाईल एवढ्यानं," मियाँ म्हणाले. आवाज कुणाचा ते पाहायला ते वळले नाहीत. हे वाक्य म्हणून झालं की पोरं पळायची, आणि त्या वेळी बाजूला होऊन उभं राहणं गुडघ्यांसाठी बरं असायचं.

पोरं पळाली. नेहमीसारखीच पळाली, एकमेकांना ढकलत, किंचाळत, हसत. पैजेचा दुसरा भाग आजवर कुणी घेतलाच नव्हता. अंधारात एकटं लपून बसायला कोण तयार होणार? मियाँ मागून सावकाश निघाले. कुठल्या बोळात पोरं अडतात, कुठल्या वळणावर परत फिरतात, ते त्यांना पाठ होतं. दोघांना त्यांनी बंद बोळातून काढलं, एका रडवेल्या मुलाला कडेवर घेतलं, आणि सगळ्यांना घेऊन ते गच्चीवर पोचले. खाली लखनौ पसरलं होतं. गोमतीवर पातळ धुकं धरू लागलं होतं.

बहेनजींनी जोड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग त्यांचा आवाज बदलला.

"सुनैना, तुझी जोडी कुठे आहे?"

दोन वेण्या घातलेली एक मुलगी पुढे आली आणि एकदम रडू लागली. "तिनं माझा हात सोडला. मी नाही सोडला बहेनजी. तिनं सोडला."

"कुणी?"

"कजरीनं."

तो लाल स्वेटर. मियाँनी गच्चीभर नजर फिरवली. लाल स्वेटर कुठेच नव्हता.

"बहेनजी, आपण पोरांना खाली अंगणात न्या," ते म्हणाले. "रोजच कुणीतरी मागे राहतं. चहा उकळायच्या आत घेऊन येतो."

त्यांना तसं खरंच वाटत होतं. पण पहिला बंद बोळ रिकामा निघाला, दुसराही. जिथे पोरं हमखास अडतात तिथे कुणी नव्हतं. मग त्यांना एकदम ती खिडकी आठवली. एका बाजूचा जिना खाली खाली उतरतो आणि मोठ्या दालनाच्या अंगाला उंचावरच्या एका खिडकीशी संपतो. पुढे काहीच नाही, नुसती पोकळी. या खिडकीबद्दल मियाँ कुणाला गोष्ट सांगत नसत. ते गुडघे विसरून धावले. भिंतीला खांदा आपटला, टोपी कलली. खिडकीला लोखंडी जाळी होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली. घट्ट होती. जाळीला कपाळ टेकून ते क्षणभर उभे राहिले. खाली दालनात सतरंजी होती तशीच होती, झुंबरं होती तशीच होती. जिवात जीव आला, पण अर्धाच.

ते बाहेर आले तेव्हा बहेनजी जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. सगळी पोरं अंगणात उभी राहून ओरडत होती, "कजरी! ए कजरी!" आणि त्यांच्यात फैयाजचा भोंगाही मिसळला होता.

"नाही?" बहेनजींनी विचारलं.

"सापडेल."

"सापडेल काय! मियाँ, आपणच सांगितलंत ना, गोरे शिपाई आत गेले ते बाहेर आले नाहीत! फैजाबादच्या वाटेनं गेली असेल तर?"

"बहेनजी, ती वाट फैजाबादला जात नाही."

"आपण म्हणालात जाते!"

"ते मी नुसतं सांगतो," मियाँ खाली बघत म्हणाले. "पाच हातांवर विटांची भिंत आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. मी आत्ता तिला हात लावून आलो."

"आणि ती विहीर? पाण्याच्या आतून वाट आहे म्हणालात!"

"तीही नाही हो. मी लहानपणी आजोबांना विचारलं होतं, खरंच जाते का? ते म्हणाले, जात असेल. तेवढंच."

बहेनजी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे हजार चोवीस वाटा..."

"मी कधी मोजल्या नाहीत. वडिलांनीही मोजल्या नसाव्यात."

एरवी ही वाक्यं तोंडातून काढण्यापेक्षा मियाँनी जीभ चावली असती. आयुष्यभर लोकांना घाबरवून खूष करायचं, हा त्यांचा धंदा. पण समोरची बाई खरी घाबरली होती, आणि खऱ्या भीतीपुढे त्या गोष्टी अगदी पोरकट वाटत होत्या. एकेक गोष्ट मोडली तसा बहेनजींचा श्वास थोडा खाली बसला. मियाँचा मात्र बसला नाही. वाटा कमी झाल्या, तरी पोरगी त्यात नव्हतीच.

"तिच्या आईला काय सांगू मी?" बहेनजी म्हणाल्या. "ती पाठवायलाच तयार नव्हती. म्हणाली, माझी कजरी मुखदुर्बळ आहे, कुठे राहिली तर हाकही मारणार नाही. मीच म्हटलं, मी आहे ना."

फैयाज जवळ आला. आता तो चेष्टा करत नव्हता. "मियाँ, दिवस मावळेल. फाटकावर सांगू या. पोलिसांनाही फोन लावू."

"लावू या," मियाँ म्हणाले. "आधी एक काम करा. तो भोंगा बंद करा. आणि बहेनजी, या सगळ्यांना खाली बसवा आणि गप्प करा. अगदी गप्प. कुणी शिंकायचंसुद्धा नाही."

"पण हाका मारल्या नाहीत तर..."

"इतका वेळ आपण सगळे बोलतोय. तिला बोलायला जागा कुठे ठेवलीय?"

बहेनजींनी एकदाच शिटी फुंकली. अंगणात शांतता पसरली. मियाँ पुन्हा आत गेले आणि चौफाट्यावर येऊन थांबले. फैयाजकडून आणलेली बॅटरी विझवली. त्यांनी भिंतीला कान लावला. लहानपणी आजोबा त्यांना असंच उभं करत. म्हणत, वाट डोळ्यांनी शोधतात ते पाहुणे.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग कबुतरांच्या पंखांचा आवाज. मग खूप दूर रस्त्यावर कुणाचा तरी हॉर्न. आणि मग,

कट्.

मियाँनी कान भिंतीला आणखी दाबला.

कट्. चुर्र. मग बारीक, सावकाश चावण्याचा आवाज.

कुणीतरी शेंगा फोडून खात होतं.

"कजरी बिटिया?" ते हळूच म्हणाले.

आवाज एकदम थांबला.

त्यांचे डोळे भरून आले. आहे. पोरगी आहे, आणि तिला ऐकू येतंय. पण कुठे आहे? या भिंतीवरून आवाज वरच्या सज्जातून येतो तसा खालच्या बोळातूनही येतो. "बिटिया, घाबरू नका. मी मियाँजी. आपण कुठे आहात तेवढं सांगा. मी येतो."

काही नाही.

"पाय अडकलाय का? दुखतंय का?"

काही नाही. पोरगी घाबरून गोठली असेल, असं मियाँना वाटलं. ते गप्प उभे राहिले. बराच वेळ गेला. आणि मग, अगदी दबकून, जणू तोंडावर हात धरून,

कट्.

मियाँच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटल्या. घाबरलेल्या मुलाच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरत नाही. शेंगा कुठून उतरणार? आणि जी मुलगी हाक मारली की चावायची थांबते, आणि हाक थांबली की पुन्हा चावू लागते, ती अडकलेली नाही. ती लपलेली आहे. लपायला तिला कुणी सांगितलं? आवाज करू नकोस, हाक मारली तरी ओ देऊ नकोस, असं कुणी सांगितलं?

सगळ्यांसमोर म्हणाल?

तो बारीक आवाज. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

तसद्दुकमियाँ अंधारात भिंतीला टेकून उभे राहिले आणि आवाज न करता हसले. मग त्यांना दुसरी गोष्ट उमगली आणि हसू मावळलं. आवाज ऐकूनही पोरगी त्यांना सापडत नव्हती. त्यांनी पुन्हा चारही बोळ पालथे घातले, सज्जा पाहिला, दारांच्या मागे पाहिलं. एकदा तर ते स्वतःच्याच शेरवानीच्या घोळात अडखळले. कुठेच नाही. ते परत चौफाट्यावर आले. पैज म्हणजे पैज होती.

"बिटिया," ते भिंतीला म्हणाले, "मी हरलो. आता या."

 मग भिंतीतून, कुठून ते कळू नये असा, बारीक आवाज आला. "सगळे कुठायत?"

मियाँ बाहेर आले तेव्हा बहेनजी धावत पुढे आल्या. "मिळाली?"

"मिळाली नाही. पण आहे. ठणठणीत आहे. शेंगा खातेय."

"शेंगा? आहे कुठे पण?"

"ते मला ठाऊक नाही. आपल्याला सगळ्यांना आत यावं लागेल, बहेनजी. पोरांनाही. फैयाज, आपणही या. आणि चहावाल्यापाशी बसलेत त्या सगळ्यांना बोलवा."

"आम्हाला कशाला?" फैयाजनं विचारलं.

"कळेल. रोज माझ्या गुडघ्यांची चौकशी करता ना, त्याचं आज बक्षीस मिळेल."

चौफाट्यावर पोरं दाटीवाटीनं उभी राहिली. गाईड मागच्या बोळात उभे राहिले. बॅटऱ्यांच्या उजेडात सगळ्यांच्या सावल्या छतापर्यंत गेल्या. मियाँनी टोपी सारखी केली. शेरवानीची सगळी बटणं लावली. आयुष्यात एकदाही न म्हटलेलं वाक्य म्हणायचं, तर निदान नीट उभं राहून म्हणावं.

"मी हरलो," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं," भिंत म्हणाली.

पोरांमध्ये एकदम खसखस पिकली. बहेनजींनी तोंडावर हात घेतला. त्यांना हसू आलं होतं की रडू, ते त्यांनाही कळलं नसावं.

मियाँनी छाती भरून श्वास घेतला. "मी, तसद्दुक हुसेन, इमामबाड्याचा गाईड, सगळ्यांसमोर सांगतो, की मी हरलो!"

आवाज चारी बोळांत गेला, सज्जातून फिरला, आणि परत आला. हरलो... हरलो... गच्चीवरची कबुतरं खरोखरच फडफडून उडाली.

"मग मी जिंकले?"

आणि शेंगेचं एक टरफल वरून गिरक्या घेत आलं आणि मियाँच्या टोपीवर पडलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. चौफाट्याच्या भिंतीत, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, एक जुना कोनाडा होता. खालच्या लहान, दिव्याच्या कोनाड्यात पाय देऊन लहान मुलाला त्यात चढता येई. त्यात, गुडघे पोटाशी घेऊन, लाल स्वेटरमध्ये कजरी बसली होती. ज्या जागी उभं राहून मियाँनी पैज लावली होती, तिच्या बरोबर वर; मियाँ पोरांमागे गेल्यावर ती परत येऊन चढली असावी. ते तिच्या पायांखालून किती वेळा गेले होते कुणास ठाऊक. आजवर त्यांनी समोर पाहिलं होतं, खाली पाहिलं होतं, वळणांमागे पाहिलं होतं. भुलभुलैयात कुणी वर पाहत नाही.

मियाँनी हात वर केले. मुलगी बिनदिक्कत त्यांच्या गळ्यात पडली. ती हलकी होती, आणि तिच्या अंगाला भाजलेल्या शेंगांचा वास येत होता. मियाँनी तिला खाली ठेवलं. ते तिथेच धुळीत, शेरवानीसकट, मटकन बसले. अंगातली सगळी भीती पायांतून जमिनीत उतरली होती.

शशिप्रभा बहेनजींचाही जीव भांड्यात पडला होता, आणि जीव जागेवर आला की हात उठतो, तसा त्यांचा उठला. "मूर्ख पोरी! आमच्या तोंडचं पाणी पळालं! ओरडत होतो आम्ही! ऐकू येत नव्हतं?"

"येत होतं," कजरी म्हणाली.

"मग?"

"मियाँजी म्हणाले होते, हाक मारली तरी ओ द्यायची नाही."

बहेनजींचा हात हवेतच राहिला.

"रागावू नका, बहेनजी," मियाँ खाली बसूनच म्हणाले. "चूक माझी. या जागेवर उभा राहून मी आयुष्यभर बोलत आलो. सगळे अर्धंच ऐकून पळतात. शेवटपर्यंत ऐकणारी हीच पहिली."

"अहो, ही लंगडीत पहिली बाद होते," सुनैना मधेच म्हणाली. डोळे पुसायचं ती विसरूनच गेली होती. "खो-खोत हिला कुणी घेत नाही."

"हो का?" मियाँनी कजरीकडे पाहिलं. "आणि आज?"

 कजरीनं स्वेटरची लांब बाही वर सारली आणि नाक असं उडवलं की फैयाज खो खो हसत सुटला.

"मियाँ," तो म्हणाला, "उद्यापासून चौफाट्यावर काय सांगणार? ते वाक्य तर गेलं."

"गेलं कुठे? वाढलं. माझ्या वडिलांवर ही वेळ आली नाही. माझ्यावर एकदा आली. संडीलाकडच्या एका बाईसाहेबांनी आणली. त्या सहा फूट उंच होत्या, असं सांगीन."

"पुन्हा खोटं!" बहेनजी म्हणाल्या, आणि हसल्या. हसता हसता त्यांनी कजरीला स्वेटरसकट उचलून पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

बस निघेपर्यंत दिवस कलला होता. कजरी खिडकीशी बसली होती, आणि तिच्या बाजूला बसायला दोन मुलींचं भांडण चाललं होतं. बस हलली तशी तिनं बाहेर डोकं काढलं.

"मियाँजी! पुन्हा आले तर पैज लावाल?"

"जरूर, बिटिया. पण आपण आधी सांगून या. मी पैजेतून ओ न देण्याचं कलम काढून टाकतो."

बस वळली, तरी तो लाल ठिपका हात हलवतच होता.

फाटक बंद व्हायच्या आधी तसद्दुकमियाँ एकदा पुन्हा वर चढले. फैयाजनं बॅटरी पुढे केली, पण त्यांनी ती घेतली नाही. चौफाट्यावर येऊन त्यांनी वर हात घातला आणि कोनाडा चाचपला. टरफलांचा छोटासा ढीग होता, अगदी एका कडेला नीट लावलेला. कचरा करू नये असं घरी कुणी शिकवलं असावं. त्यांनी टरफलं मुठीत घेतली. तळाशी एक न फोडलेली शेंग राहिली होती. त्यांनी ती अंधारातच फोडली.

कट्.

चार बोळांत तो आवाज फिरला. मियाँ शेंग चावत, भिंतीला हात लावत, सावकाश खाली उतरू लागले.